जुन्या रोटाव्हेटरचा गिअरबॉक्स आणि जालन्यातील एक वर्कशॉप : दोन हंगामांनंतरचा अभिप्राय

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, पऱ्हाटी उपटून रान मोकळे झाल्यावर, मी सहा फुटी जुना रोटाव्हेटर ४८,००० रुपयांना विकत घेतला. नव्या यंत्राला याच्या दुपटीहून अधिक पैसे लागले असते, आणि अनुदानाच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत थांबण्याइतकी सवड नव्हती. विकणाऱ्या व्यापाऱ्याने यंत्राला ताजा रंग दिला होता, पातीही नवी बसवली होती आणि रिकामे फिरवून दाखवले तेव्हा आवाज अगदी दबका होता. सेलू तालुक्यातील आमच्या भारी काळ्या जमिनीत तीन एकर चालवल्यावर मात्र गिअरबॉक्सवर हात ठेववेना इतका तो तापला आणि आतून गुरगुर ऐकू येऊ लागली.

वरचा प्लग काढून सळई घातली, तेव्हा तिला तेलाऐवजी घट्ट, काळपट ग्रीस लागले. जुने यंत्र विकताना ही युक्ती बऱ्याचदा केली जाते, कारण ग्रीसमुळे झिजलेल्या दात्यांचा आवाज दबतो आणि फाटक्या सीलमधून गळतीही होत नाही. पण फिरत्या दात्यांनी एकदा बाजूला फेकलेले ग्रीस तेलासारखे वाहून परत येत नाही; चक्राभोवती पोकळी तयार होते, दाते व बेअरिंगे कोरडी चालतात आणि उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही.

जवळच्या दोन गॅरेजांमध्ये न उघडताच ‘क्राऊन-पिनियन (एकमेकांत अडकून फिरणारे मोठे व लहान दातेरी चक्र) गेले, नवा संच टाका’ असे सांगण्यात आले. एका नातेवाइकाच्या सांगण्यावरून गिअरबॉक्स तेवढा सोडवून मी जालन्यातील औद्योगिक वसाहतीच्या कडेला असलेल्या एका लहान वर्कशॉपमध्ये नेला. तेथे दोन लेथ, एक हायड्रॉलिक प्रेस आणि तीन कारागीर आहेत. मुख्य मिस्त्रींनी पहिली अट घातली ती मी समोर बसण्याची, आणि मला हा माणूस तेव्हाच पटला. मी ग्रीसचा विषय काढला तेव्हा ते एवढेच म्हणाले, “दादा, ग्रीस टाकलं म्हणजे दुखण्यावर पांघरूण घातलं. आवाज दबला, झीज थोडीच थांबली?”

गिअरबॉक्स डिझेलने धुऊन झाल्यावर त्यांनी क्राऊनच्या दात्यावर डायल गेज टेकवून दोन्ही चक्रांच्या दात्यांमधली मोकळीक मोजली आणि काटा मला दाखवला. ती अर्ध्या मिलिमीटरच्या वर होती. नंतर चार-पाच दात्यांना निळा रंग लावून चक्र हाताने फिरवले. रंगाचा ठसा दात्याच्या मध्यभागी, किंचित आतल्या अरुंद टोकाकडे पडायला हवा, कारण भार आल्यावर तो बाहेर सरकतो. आमच्या चक्रावर तो सुरुवातीपासूनच बाहेरच्या कडेला होता. दात्यांचा कठीण थर मात्र शाबूत होता, कोठे खड्डे पडलेले नव्हते आणि चिराही नव्हत्या. खराब झाली होती ती पिनियनची दोन टेपर बेअरिंगे. ती सैल पडल्यामुळे पिनियन भाराखाली मागे सरकत होते आणि दाते कडेवर घासत होते.

बेअरिंगे बदलून, पिनियनच्या आणि क्राऊनच्या बाजूचे शिम कमी-जास्त करून ठसा मध्यावर आणण्यात त्यांचा संपूर्ण दिवस गेला. शिमची पातळ पत्री घालायची, बोल्ट आवळायचे, रंग लावून फिरवायचे आणि ठसा मनासारखा नसेल तर सगळे पुन्हा खोलायचे, हे त्यांनी माझ्या देखत सहा वेळा केले. शेवटी मोकळीक पाव मिलिमीटरच्या आत आली. जेथे संच बदलण्याचे सात-आठ हजार रुपये सहज घेता आले असते, तेथे त्यांनी जुनीच जोडी वाचवली. क्राऊन किंवा पिनियन यांपैकी एकच नग कधीही बदलू नये, कारण दोन्ही एकमेकांशी घासून जुळवलेले असतात, हेही त्यांनी आवर्जून बजावले.

तेलाच्या बाबतीत त्यांनी ९० नंबरचे ईपी (जास्त दाबाखालीही टिकणारे) गिअर ऑईल भरले आणि पातळी यंत्र सपाट जमिनीवर ठेवूनच पाहण्यास सांगितले. ‘ईपी’ सगळीकडे चालते असा माझा समज होता, तो मात्र खरा नाही. थंड देशांत वापरलेली बर्फ हटवण्याची यंत्रे दुरुस्त करणाऱ्यांना हा प्रश्न नेहमी पडतो. त्यांच्या बर्फ ओढणाऱ्या मळसूत्राच्या गिअरबॉक्समध्ये पुष्कळदा पोलादी वर्म आणि ब्राँझचे चक्र असते, आणि ईपी तेलातील गंधकयुक्त रसायने तापल्यावर ब्राँझला खाऊ शकतात. म्हणून तेथे उत्पादकाने सांगितलेलेच वंगण वापरावे लागते. आपल्या रोटाव्हेटरमधील दोन्ही चक्रे पोलादाची असल्याने हे तेल योग्य ठरते. बर्फाच्या त्या यंत्रांत मळसूत्रात दगड अडकल्यास आधी तुटावा असा मऊ शिअर बोल्ट असतो आणि ट्रॅक्टरची ताकद रोटाव्हेटरला देणाऱ्या आपल्या पीटीओ शाफ्टमध्येही तो किंवा भार वाढल्यावर घसरणारा स्लिप क्लच असतो. माझ्या यंत्रात पूर्वीच्या मालकाने तेथे कडक बोल्ट ठोकला होता. मिस्त्रींना हे फोटोवरून कळले आणि त्यांनी तो बदलल्याशिवाय यंत्र सुरू न करण्याचे वचन घेतले. एप्रिलमध्ये भेगाळलेल्या रानातील ढेकळांचे दणके पाहता ही ताकीद मला फार मोलाची वाटते.

रोटरच्या टोकांच्या सीलबद्दलही त्यांनी विचारले. पुढच्याच आठवड्यात घरी मी ते टोक उघडले, तेव्हा ठिबकच्या जुन्या नळीचे तुकडे आणि सुतळी शाफ्टभोवती इतकी घट्ट गुंडाळलेली निघाली, की सीलची कड कापली गेली होती. तेथून माती आत जाते आणि तेल बाहेर येते. आता रोज काम संपल्यावर मी ते टोक साफ करतो, आणि बांधावर वळताना यंत्र उचलण्याआधी पीटीओ बंद करतो.

एकूण खर्च ९,४०० रुपये आला, त्यात बेअरिंगे, सील, तेल व मजुरी धरली आहे. माझ्या तक्रारी दोन आहेत. तीन दिवसांत देतो म्हणून सांगितलेले काम नऊ दिवसांनी मिळाले, आणि पेरणीपूर्व मशागतीच्या दिवसांत हा उशीर परवडणारा नव्हता. त्यामुळे येथे काम द्यायचे असल्यास ते मार्चच्या आत द्यावे. दुसरे म्हणजे पावतीवर फक्त रक्कम असते. एवढी काळजीपूर्वक घेतलेली मापे तिच्यावर लिहून दिली, तर पुढच्या वेळी झीज किती वाढली ते पडताळता येईल. मी ती माझ्या वहीत लिहून घेतली आहेत.

त्यानंतर यंत्र दोन हंगाम चालले. पहिल्या पन्नास तासांनी तेल बदलले, तेव्हा त्यात बारीक चमक होती. यंदा सोयाबीन काढल्यावर, हरभऱ्याच्या पेरणीआधी पुन्हा बदलले. तेल काळसर होते, पण त्यात पाण्याचा दुधाळपणा नव्हता आणि चुंबकाच्या प्लगवर पिठाएवढी बारीक करडी राख तेवढी होती. पाच एकर सलग चालवूनही आता गिअरबॉक्सवर हात ठेवता येतो.