फिस्टुलासाठी रक्त पातळ करणारी गोळी: अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल की काहीच नको?

फिस्टुला म्हणजे डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर ऑपरेशन करून एकमेकींना जोडणं. अशा हातावर बोटं टेकवली की मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. एखाद्या सकाळी ती लागली नाही तर धाबं दणाणतं, आणि तेही रास्तच. म्हणून ऑपरेशन झाल्या झाल्या घरचे विचारतात, गुठळी होऊ नये म्हणून गोळी सुरू करायची का?

फिस्टुला दोन तऱ्हांनी वाया जातो. एक तर गुठळी होऊन बंद पडतो. किंवा चालू राहतो, पण तयारच होत नाही: शीर फुगत नाही, सुई नीट बसत नाही, मशीनला पुरेसं रक्त मिळत नाही. गोळीची बाजू मांडताना ही दुसरी तऱ्हा बऱ्याचदा विसरली जाते.

क्लोपिडोग्रेलची सगळ्यात मोठी परीक्षा अमेरिकेत झाली. निकाल २००८ साली आले. ८७७ जणांपैकी निम्म्यांना ऑपरेशननंतर ६ आठवडे ही गोळी दिली, उरलेल्यांना औषध नसलेली. सहा आठवड्यांत गुठळी झाली १२.२ टक्क्यांना, गोळी नसलेल्यांत १९.५ टक्क्यांना. फरक चांगलाच आहे. पण डायलिसिसला उपयोगी न पडलेले फिस्टुला मोजले तर ६१.८ विरुद्ध ५९.५ टक्के, म्हणजे जिथल्या तिथे! कारण शीर न फुगण्यामागे बहुधा जोडाजवळ आतून जाड होत जाणारी भिंत असते आणि प्लेटलेट्सना, म्हणजे रक्ताची गुठळी बनवणाऱ्या पेशींना, रोखणारी ही गोळी ते थांबवत नाही.

अ‍ॅस्पिरिन साधी, जुनी, ओळखीची. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज १०० मिलिग्रॅम, ३ महिने दिली. वर्षभरात फिस्टुला निकामी होण्याचं प्रमाण अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत ४५ टक्के, न घेणाऱ्यांत ४३. केवळ फिस्टुलासाठी ती नव्याने सुरू करावी, असं मला यावरून वाटत नाही. हृदयासाठी आधीपासून चालू असेल तर गोष्ट वेगळी. ती आपल्या मनाने बंद करू नये.

डायपिरिडॅमोल आणि अ‍ॅस्पिरिन ही जोडी कृत्रिम नळीच्या ग्राफ्टसाठी तपासली गेली. वर्षाअखेर मधे काही दुरुस्ती न लागता चालू राहिलेले ग्राफ्ट २८ टक्के, गोळीविना २३. फायदा आहे, पण बेताचाच. डायपिरिडॅमोलने डोकंही दुखतं. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकत्र देण्याचा ग्राफ्टवरचा प्रयोग तर रक्तस्राव वाढल्याने मधेच थांबवावा लागला.

तेव्हा फिस्टुला नवा असेल, पूर्वी एखादा गुठळीने गेला असेल आणि पोटात अल्सर किंवा रक्तस्रावाचा इतिहास नसेल, तर थोड्या आठवड्यांसाठी क्लोपिडोग्रेलचा विषय सर्जनकडे जरूर काढावा. ॲसिडिटीची ओमेप्रॅझोल चालू असेल तर तेही सांगावं. तिच्यामुळे क्लोपिडोग्रेलचा जोर कमी होतो. फिस्टुला तयारच होत नसेल तर मात्र गोळीवर वेळ घालवण्यापेक्षा डॉपलर सोनोग्राफी करून अरुंद जागा शोधलेली बरी.

किडनी निकामी झाली की प्लेटलेट्स मुळातच नीट काम करत नाहीत. त्यात डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून दिलेलं हेपरिन आणि वर ही गोळी. मग सुई काढल्यावर गॉज एरवीपेक्षा बराच वेळ दाबून धरावा लागतो. गोळी सुरू झाली की त्याच दिवशी टेक्निशियनला सांगावं, म्हणजे हेपरिन किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवता येतं.