प्राइम९५: प्रोसेसर तापवण्यापलीकडचं काम

प्राइम९५ बरेच जण फक्त प्रोसेसरवर ताण टाकून बघायला उतरवून घेतात. त्याचं मूळ काम वेगळं आहे: २^घ − १ या रूपातली प्रचंड संख्या मूळ आहे की संयुक्त, हे तपासणं. हे मोफत सॉफ्टवेअर ते काम फार चोख करतं.

यातली सर्वांत सुंदर सोय म्हणजे ‘पी-वजा-१’, म्हणजे अशा संख्येचे अवयव शोधायची एक पद्धत. घ ही विषम मूळ संख्या असेल, तर २^घ − १ चा प्रत्येक मूळ अवयव २·क·घ + १ असाच असतो (क ही कोणतीतरी पूर्ण संख्या). क चे स्वतःचे अवयव लहान असले की तो हाती लागतो. २^६७ − १ घ्या. फ्रेंच गणिती मर्सेनने १६४४ मध्ये ही संख्या मूळ म्हणून नोंदवली होती, पण ती १९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७ अशी फुटते. पहिल्या अवयवासाठी क = १४,४५,५८० = २² × ३³ × ५ × २६७७. म्हणून पहिली मर्यादा (पहिल्या टप्प्यात क च्या लहान अवयवांसाठी) १००० आणि दुसरी (दुसऱ्या टप्प्यात उरलेल्या एका मोठ्या अवयवासाठी) ३००० ठेवली की तो सापडतो. दुसऱ्याच्या क मध्ये २५५१ आणि ८५३९ असे दोन मोठे अवयव आहेत. दुसऱ्या टप्प्यात एकच मोठा अवयव चालतो, त्यामुळे तो निसटतो. मोठ्या घातांकावर या टप्प्याला भरपूर रॅम लागते आणि मूळ सेटिंगमध्ये ती फार कमी असते. आधी ती वाढवा, नाहीतर काम अर्धवट होतं.

संख्या मूळ आहे का, या मुख्य चाचणीसाठी पीआरपी (‘प्रॉबेबल प्राइम’, म्हणजे ‘बहुधा मूळ’ चाचणी) निवडा, लुकास-लेमर ही जुनी, पक्का निकाल देणारी चाचणी नको. पीआरपीत गेर्बिझची तपासणी आहे, म्हणजे हिशेबातल्या चुका मध्येच पकडायची सोय. रॅम डळमळीत असेल किंवा ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जोरात चालवणं) जास्त झालं असेल, तर चूक पकडून प्रोग्राम मागच्या खात्रीच्या टप्प्यावरून पुन्हा सुरू होतो. लुकास-लेमरमध्ये इतकी भक्कम राखण नाही. एक बिट उलटला तरी आठवड्यांची मेहनत वाया जाऊ शकते. मात्र पीआरपी ‘बहुधा मूळ’ एवढंच सांगते. तसा निकाल आला, तर शिक्कामोर्तब लुकास-लेमरनेच होतं.

पीआरपीसोबत काम बरोबर झाल्याच्या पुराव्याची फाइलही बनवता येते. साडेतेरा कोटींच्या आसपासच्या घातांकाला चाचणीतला प्रत्येक मधला शेष (तिथपर्यंतच्या हिशेबाचं उत्तर) सुमारे १७ मेगाबाइटचा. असे २५६ साठवायचे तर सव्वाचार ते साडेचार गिगाबाइट मोकळी डिस्क हवी. त्या बदल्यात दुसऱ्याला तपासणीसाठी मूळ कामाचा साधारण २५६ वा भागच पुरतो. डिस्कच्या बाबतीत इथे कंजुषी करू नका.

वेगाची अपेक्षा मात्र बेताची ठेवा. ऑक्टोबर २०२४ मधली २^१३६२७९८४१ − १ ही ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्या ग्राफिक्स कार्डांवर सापडली, तीही वेगळ्या प्रोग्रामने. लहान अवयव एकेक भागून बघण्याचं काम तर प्रोसेसरला देऊच नका. कार्ड ते कितीतरी पट लवकर उरकतं.