नागपुरात बेघर निवाऱ्यात आठ दिवस व्हॉलंटिअर म्हणून राहिले, त्याचा रिव्ह्यू

रेटिंग आधीच देऊन टाकते, 5 पैकी 4. एक स्टार का कापला ते खाली लिहिलंय. संस्थेचं नाव टाकत नाहीये कारण तक्रार पण करणार आहे, आणि तिथली सहा-सात माणसं तुटपुंज्या पगारात जीव ओतून काम करतात, माझ्या एका तक्रारीवरून कोणी त्यांना नावं ठेवलेली मला आवडणार नाहीत.

मी नाशिकची, टॅक्सच्या ऑफिसात बारा वर्षं काम करते, म्हणजे दिवसभर फॉर्म, दाखले, सह्या, शिक्के हेच. डिसेंबरात जायचं ठरवत होते पण हिवाळी अधिवेशन असलं की नागपुरात रूम मिळायची मारामार, म्हणून जानेवारीत गेले. सेवाग्राम एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास, सकाळी नागपूर. राहणं जेवण धरून संस्थेने आठ दिवसांचे 2800 रुपये घेतले आणि न मागता पावती दिली. खोलीत चार बायका, गरम पाणी फक्त सकाळी सातपर्यंत, जेवण साधं आणि पोटभर. सोयीबद्दल एवढंच, कारण सोयीसाठी कोणी तिथे जात नाही. हां, थंडीचे कपडे मात्र खरंच न्या, नाशिकची थंडी माहितीये म्हणून मी निवांत होते आणि पहिल्याच रात्री काकडले. 2018 च्या डिसेंबरात नागपुरात पारा 3.5 डिग्रीवर गेला होता, हे तिथल्या ड्रायव्हर दादांनी गाडीत बसल्या बसल्या सांगितलं, आणि पुढे म्हणाले, "त्या रात्री आमी सकाळपर्यंत फिरूनच राहिलो होतो ताई."

रात्रीची फेरी दहाला निघते. स्टेशन, गणेशपेठ स्टँड, कॉटन मार्केट, बर्डीच्या पुलाखाली, मग मेयो आणि मेडिकल या सरकारी हॉस्पिटलांच्या बाहेर. मला वाटलेलं ब्लँकेट वाटायचे आणि यायचं. तसं अजिबात नाहीये. आधी माणसाशेजारी बसायचं, नाव विचारायचं, निवाऱ्यात येता का विचारायचं, नाही म्हणाले तर का नाही ते ऐकून घ्यायचं आणि मग ब्लँकेट. नाही म्हणण्याची कारणं ऐकली तेव्हा कळलं की बेघर म्हणजे नुसतं घर नसलेला माणूस नाही. एकाची हातगाडी होती, ती बाहेर ठेवली तर सकाळी मिळणार नाही. एका जोडप्याला वेगवेगळ्या हॉलमध्ये झोपायचं नव्हतं. एक मावशी म्हणाल्या पहाटे मजुरांच्या ठिय्यावर सगळ्यांच्या आधी पोचलं नाही तर काम जातं, इथून पाच मिनिटं लागतात, तुमच्याकडून अर्धा तास. आणि मेडिकलच्या बाहेर झोपलेले बरेचसे तर बेघर नव्हतेच, गडचिरोली, चंद्रपूर, बालाघाट, छिंदवाड्याहून पेशंट घेऊन आलेले नातेवाईक, पेशंट वॉर्डात आणि हे फुटपाथवर, गावाकडे शेतात काय चाललंय याची काळजी करत. त्यांना ब्लँकेटपेक्षा मोबाईल चार्ज करायला जागा हवी होती. संस्थेच्या गाडीत चार्जिंगचा बोर्ड लावलेला आहे, हे ज्याला सुचलं त्याचं मला फार कौतुक वाटलं.

सुप्रीम कोर्टाने 2010 मध्येच मोठ्या शहरांना सांगितलंय की दर एक लाख लोकसंख्येमागे चोवीस तास चालणारा एक तरी निवारा पाहिजे, आणि 2011 च्या जनगणनेत नागपूर शहर 24 लाखांच्या वर होतं, म्हणजे हिशोब तुम्हीच करा. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या नियमात माणशी 50 चौरस फूट जागा धरलेली. आमच्या हॉलमध्ये गाद्या मोजल्या तर जागा त्याहून कमी पडत होती, पण रात्री अकराला दारात आलेल्या म्हाताऱ्याला परत पाठवायचं का? नाही पाठवलं, दोन गाद्या सरकवल्या. मला ते बरोबर वाटलं.

आता माझं खरं काम. दुसऱ्या दिवशी कोऑर्डिनेटर ताईंनी विचारलं तुम्ही रोज काय करता, मी सांगितलं कागदपत्रं, तर त्या हसल्याच, म्हणाल्या मग तुम्हाला पोळ्या लाटायला कशाला बसवू, आणि कपाटातून फायलींचा गठ्ठा काढून समोर ठेवला. मला एक काकाजी दिले, वय सत्तरीच्या जवळ. बालाघाटकडून आलेले, कळमना मार्केटला बावीस वर्षं हमाली केली, पाठ गेली तेव्हा काम गेलं आणि खोलीही गेली. माथाडी कायदा 1969 चा आहे पण यांची मंडळात नोंदच कधी झाली नाही, रोज जी गाडी येईल ती उतरवायची आणि हातात पैसे घ्यायचे. आधार कार्ड चोरीला गेलेलं, नंबर पाठ नाही, मोबाईल नाही.

आधार केंद्रावर बोटं लागेनात. मी त्यांचा हात हातात घेऊन बघितला, दहाही बोटांची टोकं गुळगुळीत, रेघाच नाहीत, पोत्यांनी घासून गेलेल्या. ऑपरेटर पोरगा चांगला होता, ओल्या फडक्याने बोटं पुसून पुसून लावत होता, मशीन लालच दाखवत होतं. काकाजी मलाच धीर देत होते, "राहू द्या ना जी, माह्या बोटाले मीच नाही ओळखत आता." मग डोळ्याचं स्कॅन, एकदा नाही, दोनदा नाही, तिसऱ्यांदा झालं. पत्त्यासाठी निवाऱ्याच्या प्रमुखांच्या सहीचं ठरावीक नमुन्यातलं सर्टिफिकेट चालतं, हे मला इतकी वर्षं फॉर्म भरून पण माहीत नव्हतं.

पुढची पायरी श्रावणबाळ योजनेची पेन्शन. 65 वर्षं पूर्ण, वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत, महिन्याला 1500 रुपये मिळतात. उत्पन्नाचा दाखला निघेल, पण महाराष्ट्रात 15 वर्षं राहिल्याचा पुरावा पण लागतो, आणि बावीस वर्षं याच शहराचा भाजीपाला धान्य पाठीवर वाहिलेल्या माणसाकडे इथे राहिल्याचा एक कागद नाही!! ना लाईट बिल, ना भाडेपावती, ना मतदार यादीत नाव. तीन दिवस आम्ही त्यांची प्लास्टिकची थैली उपसत होतो. शेवटी एक केसपेपर निघाला, 2009 चा, चार घड्या घातलेला, घडीवर अक्षरं पुसलेली पण तारीख आणि नाव वाचता येत होतं. पेपर उलगडताना माझे हात थरथरत होते, खोटं नाही सांगत. तेवढ्या एका कागदावर भागेल असं नाही म्हणून कळमन्यातल्या जुन्या अडत्याकडून पण लिहून घ्यायचं ठरलं, आणि तिथे माझे आठ दिवस संपले.

तर तक्रार नंबर एक हीच आहे आणि ती अर्धी माझ्यासारख्यांवर आहे. आठ दिवसांचा प्रोग्रॅम या कामाला कमी पडतो. माझ्या आधीच्या मुलाने काकाजींचा अर्ध्यावर सोडलेला फॉर्म मला फाईलमध्ये सापडला, काय केलं, कुठे अडलं, काहीच लिहिलेलं नाही. म्हणजे प्रत्येक नवीन माणूस येतो आणि काकाजींना परत पहिल्यापासून विचारतो, गाव कोणतं, बायको कधी गेली, मुलगा का बघत नाही. किती वेळा सांगायचं माणसाने? मी जाताना प्रत्येक फाईलच्या वर एक पान लावून आले, काय झालं, काय राहिलं, कोणाला भेटायचं, कोणता प्रश्न पुन्हा विचारू नका. ताईंनी ते सगळ्या फायलींना लावायचं कबूल केलंय.

तक्रार नंबर दोन, स्टार हिच्यामुळे कापला. एका संध्याकाळी डोनर ग्रुप आला, वाढदिवसाचं जेवण होतं. आठची पंगत सव्वानऊला बसली कारण बॅनर लावायचा होता, फोटो काढायचे होते. ताटं वाढलेली, माणसं हात मांडीवर ठेवून बसलेली, त्यात दोन आज्या शुगरच्या. डोनरची चूक मी कमी धरते, त्यांना माहीत नसतं, पण संस्थेने थांबवायला पाहिजे होतं. व्हॉलंटिअरला फोटो काढायची सक्त मनाई आहे (अगदी बरोबर आहे), मग पैसे देणाऱ्याला का चालतं? मी त्याच रात्री बोलले. ऐकून घेतलं, चूक मान्य केली, पण नियम बदलला का ते परत गेल्यावर बघेन.

आणि खोकल्याच्या पेशंटजवळ बसताना मास्क लावा हे मला तिसऱ्या दिवशी सांगितलं, ते पहिल्या तासात सांगायला हवं.

जाणार असाल तर, कुठल्याही संस्थेत, आधी फोन करून विचारा की मी गेल्यावर माझं काम पुढे कोण नेणार, पैशाची पावती मिळते का, आणि मुलांबरोबर काम असेल तर पोलीस व्हेरिफिकेशन मागता का. मागत नसतील तर तिथे जाऊ नका. फिटनेस असेल आणि पोरांमध्ये रमत असाल तर नागपुरात फुटबॉलचं काम पण आहे, विजय बारसे सरांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी सुरू केलेलं स्लम सॉकर इथलंच. पण अकाउंटवाले, बँकवाले, तहसील ऑफिसातून रिटायर झालेले लोक हो, तुम्ही निवाऱ्यात या, तुमच्या हातांची तिथे खूप गरज आहे, आणि महिनाभर जमत नसेल तर वर्षातून तीनदा त्याच जागी या.

मी मार्चएंड उरकला की एप्रिलमध्ये जातेय, ऊन असेल तर असू दे. अडत्याने लिहून दिलंय, उत्पन्नाचा दाखला आलाय, आता तहसीलला फॉर्म टाकायचा राहिलाय. परवा निवाऱ्याच्या फोनवरून काकाजी बोलले, "ताई, येताना तो फॉर्मचा कागद नका विसरजा जी, अन् तुमच्या नाशिकचा चिवडा आनजा."