प्रकल्प कक्ष की पीएचडी विभाग?

विद्यापीठात काम करायचं आहे पण शिकवायचं नाही, अशांच्या वाट्याला साधारण दोन तऱ्हेच्या जाहिराती येतात. एक संशोधन प्रकल्पाच्या प्रशासकीय सहायकाची, दुसरी शैक्षणिक किंवा पीएचडी विभागातल्या पदाची. सगळे आधी पगाराचा आकडा बघतात. मी आधी बघेन तो पगार निघतो कुठून.

प्रकल्पातलं पद अनुदानावर जगतं. मानधन ठोक, मुदत कराराची, बढतीचं नाव नाही. प्रकल्प संपला की पदही संपलं. तरीही शिकायला मिळतं ते इथंच. मंजुरीपत्र येतं तेव्हा मनुष्यबळ, उपकरणं, प्रवास असे खर्चाचे हेड ठरलेले असतात. एकातला पैसा दुसऱ्यात मनाला येईल तसा वळवता येत नाही. पीआयना, म्हणजे प्रकल्पाच्या मुख्य संशोधकांना, उपकरण उद्या हवं असतं, तुम्ही जीईएम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर तपशील जुळवत बसलेले असता. मार्च संपला की उपयोगिता प्रमाणपत्राची, म्हणजे अनुदान ठरल्या कामावरच खर्च झाल्याच्या दाखल्याची, घाई सुरू होते. केंद्राचं अनुदान असेल तर ते जीएफआर 12-ए या नमुन्यात जातं, आणि त्यातला आकडा लेखा विभागाच्या वहीशी रुपयापर्यंत जुळावा लागतो. बँकेत पडून राहिलेल्या अनुदानावरचं व्याजही सरकारला परत करायचं असतं, हे नव्या माणसाला सहसा कुणी सांगत नाही. आयआयटी मुंबईत अशा कामांसाठी आयआरसीसी हे स्वतंत्र कार्यालय आहे. छोट्या विद्यापीठात हा सगळा व्याप एकाच टेबलावर येऊन पडतो. पण एवढं नीट जमलं की दुसऱ्या संशोधन संस्थेतही तुम्हाला विचारणा होते.

पीएचडी विभागाचं घड्याळ वेगळं. यूजीसीच्या 2022च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन आणि एरवी कमाल सहा वर्षं. नोंदणी, प्रगती अहवाल, परीक्षकांना पत्रं, मौखिकी, शेवटी शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर प्रबंध. काम तेच ते, त्यात मुदतवाढीसाठी खिडकीशी उभे असलेले विद्यार्थी. पद कायम असेल तर मात्र वेतनश्रेणी, रजा आणि (सावकाश का होईना) बढती. केंद्रीय विद्यापीठात सहायक कुलसचिवाचं मूळ वेतन 56,100 रुपयांपासून सुरू होतं. थेट भरतीसाठी पदव्युत्तर पदवीला 55 टक्के लागतात. अलीकडे या विभागातही कंत्राटी जागा निघतात. तशी असेल तर दोन्हींत मला प्रकल्पच बरा वाटतो, निदान हिशेब तरी हाताखालून जातो.

घर एकट्याच्या पगारावर चालत असेल तर कायम पदाची वाट बघा, वयोमर्यादेवर लक्ष ठेवून. तसं ओझं नसेल तर प्रकल्प घ्या. मुलाखतीत मात्र दोन गोष्टी विचाराच: प्रकल्पाची किती मुदत उरली आहे, आणि पुढचा हप्ता यायला उशीर झाला तर मधल्या महिन्यांचं मानधन विद्यापीठ देतं का. दुसऱ्या प्रश्नावर समोरचे एकमेकांकडे बघू लागले, तर नेमणूकपत्रात तसं लिहून मागा.