जुन्या गाडीला फॉग लॅम्प: जोड की रिले?

माझी मारुती ८०० विशीच्या पुढे गेली आहे. तिला दोन फॉग लॅम्प आणि मोबाइलचा चार्जर लावायचा होता. चालू वायरवर जोड आणि वेगळा रिले, दोन्ही प्रकार करून झाले.

आधी सोपा. इलेक्ट्रिशियनने वायपरची वायर सोलली, तिच्यावर जोड मारला, टेप गुंडाळली. किल्ली बंद की सगळं बंद, त्यामुळे बॅटरी उतरायची भीती नाही. अर्ध्या तासात काम, पैसे किरकोळ. "काही नाही होत ना भाऊ!" आणि उन्हाळाभर खरंच काही झालं नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ ला टेकला तेव्हा टेपचा गोंद वितळून बोटांना चिकटायला लागला, एवढंच.

घोळ जुलैत कळला. ५५ वॉटचे दोन दिवे १२ व्होल्टवर ९ अँपिअर ओढतात. त्याच फ्यूजवर वायपरची मोटर. आणि पावसाळ्यात फॉग लॅम्प लागतात कधी? वायपर चालू असतात तेव्हाच! वर्धा रोडवर, बुटीबोरीच्या अलीकडे, रात्री दिवे गेले आणि वायपरही काचेच्या मधोमध उभे राहिले. ढाब्यावरच्या एका भल्या माणसाने उडालेल्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून दिली. घरी पोचलो खरा, पण सकाळी फ्यूजबॉक्सचं प्लास्टिक कडेने तपकिरी झालेलं दिसलं.

मग रिले, म्हणजे थोड्याशा करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बॅटरीपासून जाड वायर, टर्मिनलपासून वीतभरावर १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेच्या ३० नंबरच्या पिनला. ८७ वरून दिवे, ८५ बॉडीला अर्थ, ८६ ला स्विचमधून इग्निशनचा करंट. स्विचवर आता जेमतेम रिलेच्या कॉइलचाच भार. गाडी मात्र दिवसभर अडकते, खर्चही जास्त. वायर आत घेताना रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात बसणारी कडी) शोधत बसावं लागतं, पण त्याशिवाय नेऊ नका, पत्र्याची धार वायर सोलते. उजेडही मला वाढल्यासारखा वाटतो, मोजलेला नाही.

जोड वाईटच असं म्हणणार नाही, ज्याची त्याची गरज. दिव्यांसाठी मी तरी पुन्हा त्या वाटेला जाणार नाही. चार्जर मात्र अजून जोडावरच आहे. मध्ये ३ अँपिअरचा वेगळा फ्यूज टाकलाय, आणि वायर वायपरची नाही, रेडिओची. तिथे काही बिघडलं तर फार तर गाणी बंद पडतील.