सोलापुरी चादर: पांघरायला नाही, रेकॉर्डिंगला (५ महिने वापरून लिहितेय)

आधीच सांगते, हा रिव्ह्यू झोपणाऱ्यांसाठी नाहीये. ऊब किती, मऊ किती, लग्नात आहेर द्यायला कशी, ते सगळं माझ्या आईला विचारा. मी ॲनिमेशनला साउंड करते, म्हणजे लहान मुलांची गाणी, गोष्टींचे एपिसोड, मधेच एखादी जाहिरात, आणि ते सगळं सोलापुरात पूर्व भागात आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर, १० बाय ११ च्या खोलीत. खाली शहाबादी फरशी, चारी बाजूंना गिलावा, वर स्लॅब. मधोमध उभं राहून टाळी वाजवली की टर्रर्र असा आवाज दोन भिंतींत पळत राहायचा.

आता कोण म्हणेल, खोली घुमते तर घुमू दे, नंतर प्लगइनने (म्हणजे आवाज साफ करायच्या सॉफ्टवेअरने) काढ. तर बाबांनो, ॲनिमेशनमध्ये आवाज आधी होतो, चित्र नंतर. आर्टिस्टने बोललेल्या टेकवर, म्हणजे एकेका रेकॉर्डिंगवर, ॲनिमेटर ओठ हलवतो, अक्षरन् अक्षर बघून. म्हणजे एकदा का त्या टेकवर लिपसिंक झालं की तो टेक जन्माचा चिकटला, त्यात खोली घुमत असेल तर तीही चिकटली. परत डब करायचं तर आधीच्या ओठांवर नवीन बोलणं बसवत बसा, आणि आठ वर्षांच्या पोराकडून ते करून घेणं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. शिवाय सिनेमाच्या शूटिंगमध्ये निदान लोकेशनचा काहीतरी आवाज मिळतो, खुर्ची सरकली, दार वाजलं. इथे चित्र मुकं येतं. हत्ती चालला तर त्याचं पाऊल तुम्ही करायचं, जंगल तुम्ही करायचं, आणि हत्ती जंगलात उभा राहून बोलतोय तर मागे माझ्या खोलीची भिंत ऐकू येऊन कसं चालेल? उघड्या जंगलात भिंत कुठून आली?

आधी मी ऑनलाइन एक इंची फोमचे तुकडे मागवले होते, ते काळे टोकंटोकंवाले. कंपनीचं नाव नको, पैसे गेले विषय संपला. त्याने फक्त वरचा ‘स-स’ कमी झाला, बाकी आवाज पत्र्याच्या डब्यात बसून बोलल्यासारखा. वर ऊन लागून डिंक सुटला आणि तुकडे रात्री एक-एक करून पडायचे, थप्प. एक तर टेक चालू असताना पडला, तो थप्प मी जपून ठेवलाय, पुढे एका बेडकाला वापरला.

चादरीचं डोक्यात आलं ते पावसाळ्यात. ऑगस्टमध्ये बाहेर कपडे वाळेनात म्हणून आईने धुतलेल्या चादरी माझ्याच खोलीत दोऱ्या बांधून टाकल्या. मी वैतागून ‘अगं आई काय हे’ म्हणलं आणि माझाच आवाज मला वेगळा ऐकू आला. टाळी वाजवली. टर्रर्र गायब! आई म्हणाली, डोक्यावर पडलीस का, टाळ्या काय वाजवतीस.

मग चाटी गल्लीत गेले. दुकानदार काकांनी विचारलं किती माणसं झोपणारेत, मी म्हणलं कोणीच नाही काका, भिंतीला लावायच्यात. काका दोन मिनिटं बघत राहिले. ‘का बाई, भिंतीला थंडी वाजतीय का?’ पण माणूस धंद्यातला पक्का. मी म्हणलं मला जड पाहिजे आणि पक्की सुती पाहिजे, मिक्स नको, तर त्यांनी स्वतःच काठाचे दोन धागे काढून काडी लावून दाखवली. सुती धागा कागदासारखा जळतो, राख बोटाने चोळली की भुगा. पॉलिस्टर असलं की धागा आकसतो आणि टोकाला कडक मणी होतो, प्लास्टिक जळल्याचा वास येतो. जीआय टॅग (त्या गावच्याच मालाला मिळणारा सरकारी शिक्का) सोलापुरी चादरीला आहे, टॉवेललाही आहे, पण बाजारात सोलापुरी म्हणून काय वाट्टेल ते खपवतात, त्यामुळे काडीची टेस्ट आणि वजनकाटा या दोन गोष्टी सोडू नका. मी घेतली ती एक चादर १ किलो ३०० ग्रॅम भरली. त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी तेवढ्याच मापाची दाखवलेली ९०० ग्रॅमसुद्धा नव्हती आणि दर मात्र तोच. पाच घेतल्या, सगळ्या मिळून साडेतीन हजारांच्या आत. डिझाईन मोर. आवाजाला मोराचा काही संबंध नाही, आईने निवडलं.

टांगायची कशी हे सगळ्यात महत्त्वाचं, इथेच लोक चुकतात. भिंतीला खिळे मारून ताठ चिकटवली तर अर्धे पैसे वाया. भिंतीला अगदी लागून हवा हलतच नाही, त्यामुळे तिथे कापड असून नसून सारखं. हवा जिथे जोरात हलते तिथे कापड पाहिजे, आणि ती जागा भिंतीपासून आवाजाच्या लाटेच्या लांबीच्या पाव अंतरावर असते. म्हणून मी पडद्याचे पाइप भिंतीपासून अर्धा फूट लांब लावले आणि चादरी चुण्या पाडून सोडल्या. अर्ध्या फुटात साधारण ५५०-६०० हर्ट्झपासून वरचं (आवाज जेवढा बारीक तेवढा हर्ट्झचा आकडा मोठा) काम चांगलं होतं, म्हणजे बोलण्यातला कर्कशपणा आणि ती टर्रर्र जाते. पण १०० हर्ट्झची लाट असते जवळपास ३.४ मीटर, तिचा पाव म्हणजे ८५ सेंटिमीटर, तेवढं सोडलं तर १० बाय ११ मध्ये मी बसू कुठे? त्यामुळे जाड आवाजाचे पुरुष आर्टिस्ट आले की खालचा घुमारा राहतोच. राक्षसाचा आवाज करायला आलेला मित्र, बोलायला लागला की कोपरा गुणगुणतो. त्यासाठी कोपऱ्यात रॉकवूलचे (दगडापासून केलेल्या लोकरीसारख्या तंतूंचे) जाड पॅनेल लागतात, चादर ते काम करणार नाही, दहा लावल्या तरी नाही.

आणि आता मोठा मुद्दा. चादरीने बाहेरचा आवाज थांबत नाही. थांबत नाही म्हणजे नाहीच. मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं, चादर लावली की साउंडप्रूफ होतं ना? अरे, खोलीतला घुमारा कमी करणं वेगळं आणि बाहेरचा आवाज अडवणं वेगळं. अडवायला वजन लागतं, विटा लागतात, फटी बुजवाव्या लागतात. आमच्या गल्लीत तर पॉवरलूम आहेत, दिवसभर खट्टाक-खट्टाक, धोटा या टोकाहून त्या टोकाला आपटतो आणि तो धक्का जमिनीतून भिंतीत आणि भिंतीतून माइकच्या स्टँडमध्ये येतो. गंमत बघा, ज्या मागांवर चादर विणतात त्याच मागांचा आवाज चादरीला अडवता येत नाही. स्टँडखाली चादरीची चौपट घडी ठेवली तर जमिनीतून येणारा थोडा कमी झाला, ८० हर्ट्झखालचं फिल्टरने कापलं, तरी खट्ट उरतोच. ऐकताना वाटतं बारीक आहे, चालेल. पण यूट्यूब साधारण -१४ लफ्सला (LUFS, आवाज कानाला किती मोठा लागतो त्याचं माप) लेव्हल बसवतं, त्या हिशोबाने मिक्स वर उचललं, डायलॉगला कॉम्प्रेसर (मोठा-बारीक आवाज एका पातळीवर आणणारा) लावला की शब्दाशब्दामधल्या गॅपमधून खट्ट वर येतो. एका क्लायंटने मला विचारलं होतं, मॅडम, मागे घोडा आहे का?

त्यामुळे आमचं डबिंगचं टाइमटेबल मागवाल्यांच्या हातात. लाइट गेली की अख्खी गल्ली गप्प होते, माग बंद, पंखे बंद, शेजारचा टीव्ही बंद. सगळी लोकं लाइट गेली म्हणून शिव्या घालतात आणि मी जिन्यातून भाच्याला ओरडते, ये बे लवकर! लॅपटॉप चार्ज, इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचा डबा) लॅपटॉपवरच चालणारा, चादरी सोडलेल्या, आणि पोरगं मांजराचे डायलॉग घडाघडा बोलतंय. माझे सगळ्यात स्वच्छ टेक अंधारातले आहेत. लाइट आली की पहिल्यांदा लांबचा एक माग, मग दुसरा, मग सगळे, तो आवाज मला इतका पाठ झालाय की पहिल्या खट्टला मी रेकॉर्डिंग थांबवते.

आता ज्यासाठी घेतलीच नव्हती आणि ज्यासाठी मी पाचपैकी पाच देईन ते: फोली. म्हणजे चित्र बघून हाताने करायचे आवाज. कोरी चादर खळीची असते, कडक, झटकली की शिडासारखी फटाक वाजते. दोन धुण्यांनंतर मऊ पडली की तोच झटका भप्प असा जड होतो. एका एपिसोडमध्ये गरुड होता, पंखांची एक फडफड ८ फ्रेमची (फ्रेम म्हणजे एक चित्र), २४ फ्रेमचा सेकंद, म्हणजे सेकंदाला ३ वेळा पंख. आता १ किलो ३०० ची चादर सेकंदाला तीनदा झटकून दाखवा, खांदा हातात येईल. मी गच्चीत उभी राहून एकेक फडका सुटा घेतला, वीस-पंचवीस, आणि मग टाइमलाइनवर पंख खाली येतो त्या फ्रेमवर एकेक बसवला. एकच फडका कॉपी करून लावू नका, कानाला लगेच कळतं, मशीनगन वाटते. सुरुवातीला मी हळू झटकून फाइल फास्ट केली होती, तर पिच चढला आणि गरुडाची झाली चिमणी! ते बघून एक शोध लागला, की चिमणीला चादर लागतच नाही, सोलापुरी नॅपकिन पुरतो, मनगटाच्या झटक्यात. हत्तीच्या कानाला चादर दुहेरी घडी घालून. हत्ती चिखलात बसला त्याला तीच चादर ओली करून टबमध्ये टाकली, आणि बसलेला हत्ती उठला त्याला ती पिळली. आई दारात उभी राहून बघत होती, काही बोलली नाही.

तोटे. पहिल्या धुण्यात लाल रंग सुटला, माझे दोन टीशर्ट गुलाबी, काकांनी आधी सांगितलं होतं वेगळी धू, मीच ऐकलं नाही. धूळ फार धरतात, महिन्यात एकदा झटकायच्याच, झटकतानाही रेकॉर्ड करून ठेवा. लिंट (कापसाचे बारीक तंतू) सुटते, कंडेन्सर माइकला कव्हर घाला. आणि गरम होतं. पंखा बंद, खिडकी बंद, चारी बाजूंनी सुती मोर, ऑक्टोबरमध्येच आर्टिस्टला दर दोन पानांनी बाहेर आणून ताक पाजावं लागलं. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४० च्या वर असतो, तेव्हा बहुतेक पहाटे पाचला उठून डबिंग करणार, माग चालू व्हायच्या आत.

अजून एक, घेताना एक जास्तीची घ्या. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला गावाकडचे पाहुणे आले, मी दोन दिवस बाहेर होते, आईने माझ्या डाव्या भिंतीची चादर काढून त्यांना पांघरायला दिली. मी आले, घाईत तशीच एका आजीबाईच्या कॅरेक्टरची सात वाक्यं रेकॉर्ड केली आणि पाठवून दिली. आता त्या एपिसोडमध्ये आजीबाई शेतात उभी आहे आणि डाव्या बाजूने बारीक टर्रर्र येतंय, ओठ ॲनिमेट होऊन बसलेत, काही करता येत नाही. चित्रातल्या शेतात एक भिंत घालता येईल का म्हणून मी बॅकग्राउंडवाल्याला विचारलंय. सहावी चादर काल आणली, ती पाहुण्यांची.