गल्फमधल्या एमएलआरओच्या (बँकेतल्या मनी लाँडरिंगवर नजर ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या) नोकरीसाठी घेतलेलं लाखाचं 'सिनियर पॅकेज': अडीच स्टार

आधीच सांगते, अडीच स्टार दिलेत त्यातले दोन एकाच माणसाचे आहेत आणि उरलेला अर्धा सीव्हीचा फॉन्ट बरा होता म्हणून. कंपनीचं नाव लिहीत नाही, रिफंडचं भांडण अजून चालू आहे, आणि नावाने तसा काही फरकही पडत नाही, हे असलं पॅकेज विकणारे ठाण्यापासून दुबईपर्यंत ढिगाने बसलेत. इन्स्टावर एकदा दुबई जॉब सर्च करून बघा, पुढचे सहा महिने तेच दिसतील.

मी कोण ते थोडक्यात. बावीस वर्षं मुंबईत बँकांमध्ये, सुरुवात केवायसीचे फॉर्म तपासण्यापासून, मग ट्रान्झॅक्शन मॉनिटरिंग, आता प्रिन्सिपल ऑफिसरच्या हाताखाली दोन नंबरला. प्रिन्सिपल ऑफिसर म्हणजे मनी लाँडरिंगविरोधी पीएमएलए कायद्याखाली सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला, म्हणजे एफआययूला, रिपोर्ट पाठवायची जबाबदारी ज्याच्या डोक्यावर असते तो. ती खुर्ची मला मिळायची तर आमचे साहेब रिटायर व्हायला पाहिजेत आणि साहेब माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठे आहेत, जिममध्ये जातात, तब्येत ठणठणीत. मुलाची बारावी झाली तसं नवराच म्हणाला की बघ आता, नंतर कुरकुर करू नकोस.

यूएईच का, तर मार्च २०२२ मध्ये एफएटीएफने, म्हणजे मनी लाँडरिंगवर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, त्यांना ग्रे लिस्टमध्ये (जादा देखरेखीच्या यादीत) टाकलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ते बाहेर आले. मधल्या दोन वर्षांत आमच्या लाइनच्या माणसांना तिकडे काय भाव आला ते मी इथे बसून बघितलंय, माझ्या टीममधले तिघं गेले, त्यातल्या एकाला तर संशयास्पद व्यवहाराच्या रिपोर्टचं नॅरेटिव्ह लिहायला मी शिकवलेलं. ग्रे लिस्टमधून बाहेर आले म्हणजे काम संपलं असंही नाही, २०१८ च्या कायद्याच्या जागी २०२५ मध्ये नवा कायदा आणलाय आणि पुढच्या मूल्यमापनाची तयारी सगळीकडे चालू. तर मला पाहिजे होतं एमएलआरओचं पद, मनी लाँडरिंग रिपोर्टिंग ऑफिसर, किंवा मोठ्या ठिकाणी फायनान्शियल क्राइमचा हेड. आपल्याकडच्या प्रिन्सिपल ऑफिसरचा तिकडचा चुलतभाऊ समजा.

पॅकेज होतं ८५,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,००,३०० भरले, एकरकमी, ईएमआय नको म्हणाले मीच. त्यात सीव्ही, लिंक्डइन, कव्हर लेटर, पाचशे रिक्रूटरना प्रोफाइल पाठवणं, एक 'डेडिकेटेड ॲडव्हायझर' आणि तीन मॉक इंटरव्ह्यू. नोकरीची गॅरंटी नाही हे अटींमध्ये नवव्या पानावर होतं, मी वाचलेलं, दुसऱ्यांचे करार वाचण्यातच जन्म गेलाय. विकताना फोनवर मात्र "मॅम तुमच्या प्रोफाइलला नव्वद दिवस मॅक्झिमम". आणि एक गोष्ट पैसे भरायच्या आधी डोक्यात ठेवा जी मी ठेवली नाही. यूएईचा २०२१ चा कामगार कायदा सांगतो की भरतीचा खर्च मालकाने कामगाराकडून घ्यायचा नाही, थेट पण नाही आणि आडून पण नाही. आपल्या सरकारकडे नोंदणी असलेल्या रिक्रूटिंग एजंटला सुद्धा उमेदवाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढीच फी घेता येते. म्हणून हे लोक स्वतःला एजंट म्हणवतच नाहीत, 'करिअर सर्व्हिस' म्हणतात, की झालं मोकळं रान.

आता सीव्ही. ॲडव्हायझर सव्वीस वर्षांचा पोरगा, गोड बोलायचा, त्याच्यावर राग नाही माझा. त्याने मी दिलेली माहिती कुठल्यातरी मशीनमध्ये घालून जो कागद पाठवला त्यात दुसऱ्याच ओळीत लिहिलेलं की मॅमनी बँकेचे एसटीआर ४० टक्क्यांनी कमी केले. मी चहाचा कप खाली ठेवला. एसटीआर म्हणजे संशयास्पद व्यवहाराचा रिपोर्ट, तो कमी केला हे आमच्या धंद्यात कर्तृत्व नाही, तो गुन्ह्याचा कबुलीजबाब आहे. मी कमी केले होते फॉल्स पॉझिटिव्ह अलर्ट, सिस्टिम उगाच ओरडते ते, थ्रेशोल्ड नीट बसवून, आणि त्यामुळे माणसांना खऱ्या केसेसकडे बघायला वेळ मिळाला. पोलीस स्टेशनचा हवालदार मी एफआयआर कमी केले म्हणून मेडल मागायला गेला तर काय होईल तसं. हे त्याला समजावण्यात चाळीस मिनिटं गेली आणि शेवटी तो म्हणाला, "पण मॅम नंबर चांगला दिसतो ना."

पुढे अजून आहे. मला म्हणे तुमची सगळ्यात मोठी केस क्लायंटच्या नावासकट टाका, इम्पॅक्ट पडतो. अरे बाबा, ज्या खात्याचा रिपोर्ट गेलाय ते नाव मी नवऱ्याला सांगत नाही, ते पाचशे रिक्रूटरना पाठवू? टिपिंग ऑफ, म्हणजे रिपोर्ट गेल्याचा सुगावा लागू देणं, हा प्रकार आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात, इथे आणि तिथे दोन्हीकडे. असं नाव सीव्हीवर टाकणाऱ्या बाईला एमएलआरओ करणारी कंपनी असेल तर त्या कंपनीतच आधी चौकशी लावली पाहिजे.

आणि ते पाचशे रिक्रूटर. पाठवण्याआधी मला यादी दाखवा म्हटलेलं, हो हो म्हणाले आणि दाखवली नाही. त्यातला एक निघाला आमच्याच ग्रुपसाठी माणसं शोधणारा. आठवड्याभरात एचआरचा फोन, आवाज मधासारखा, "सब ठीक है ना?" साहेब दोन दिवस माझ्याशी फक्त ईमेलवर बोलले. दुसरं म्हणजे एकाच बँकेच्या जागेसाठी दोन रिक्रूटरनी माझं नाव पुढे केलं, असं झालं की फी कुणाला द्यायची हा वाद नको म्हणून ते उमेदवारच बाजूला ठेवतात. हे मला त्यातल्या एकानेच सांगितलं, जरा चिडूनच. म्हणजे लाख रुपये देऊन मी स्वतःचाच एक चान्स घालवला.

आता ते दोन स्टार. तीन मॉक इंटरव्ह्यूंपैकी पहिला एका एचआरवाल्या बाईंनी घेतला, तुमचा वीकनेस काय वगैरे, सोडून द्या. पुढचे दोन एका रिटायर्ड सरांनी, ज्यांनी दुबईत एक्स्चेंज हाऊसचं (चलन बदलणारी, पैसे पाठवणारी कंपनी) कंप्लायन्स, म्हणजे नियमपालन, बरीच वर्षं सांभाळलेलं. कॅमेरा लावला, नमस्कार-चमत्कार नाही, थेट प्रश्न. शुक्रवारची दुपार आहे, निम्मं ऑफिस घरी गेलंय, पेमेंट स्क्रीनिंगमध्ये लोकल टेररिस्ट लिस्टवरच्या नावाशी हिट आलाय, ग्राहक सीईओंच्या ओळखीचा आहे, तुम्ही काय करणार? मी सुरू केलं, ॲनालिस्ट तपासेल, मग मी निष्कर्ष काढेन, निष्कर्षानंतर सात कामाच्या दिवसांच्या आत एफआययूला... त्यांनी हात वर केला. "मॅडम, ही मुंबई झाली. आणि हा एसटीआर नाही, हे सँक्शन आहे." सँक्शन म्हणजे बंदी घातलेल्यांच्या यादीतलं नाव, तिथे ते पक्कं जुळलं तर चोवीस तासांच्या आत पैसे फ्रीज आणि पाच कामाच्या दिवसांत गोएएमएलवर रिपोर्ट, नाव अर्धवट जुळलं आणि खात्री होईना तर व्यवहार थांबवून त्याचा वेगळा रिपोर्ट. गोएएमएल म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या ड्रग्ज अँड क्राइम ऑफिसने बनवलेली रिपोर्टिंगची सिस्टिम, यूएईने २०१९ पासून घेतलीय. मला हे वाचून माहीत होतं हो, कॅम्सची, म्हणजे मनी लाँडरिंगविरोधी कामाच्या सर्टिफिकेटची, परीक्षा दिलीय, १२० प्रश्न साडेतीन तास, पहिल्या फटक्यात पास. पण तोंडातून बाहेर पडली ती बावीस वर्षांची सवय. ती सवय मोडायला ते दोन तास पुरले नाहीत पण ती आहे एवढं तरी कळलं.

मग त्यांनी सोन्यावर घेतलं. सोन्याच्या व्यापाऱ्याने ५५,००० दिरहॅम किंवा जास्त रोख घेतले की गोएएमएलवर कळवायचं, हा नियम सगळे पाठ करून येतात, पुढे जा म्हणाले, धोका नेमका कुठे आहे ते सांगा. इथे मात्र मी सुटले. आम्ही मूळचे विट्याचे, माझे थोरले काका आयुष्यभर कोइमतूरला गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या, धंद्यात होते, सुट्टीत आम्ही पोरं भट्टीपाशी बसून टंच (सोन्याचा कस) काढताना बघायचो. सोनं एकदा मुशीत गेलं की त्याला नाव-गाव राहत नाही, बांगडी कुणाची होती आणि चोरीची होती का हे लगडीला विचारून कळत नाही, म्हणून जे काय विचारायचं ते वितळवायच्या आधी, आणणाऱ्या माणसाला विचारायचं. सर पहिल्यांदाच हसले. "हे इंटरव्ह्यूत असंच बोला, तुमच्या त्या सीव्हीत यातलं एक अक्षर नाही." खरंच नव्हतं.

सगळ्यात कामाची गोष्ट त्यांनी शेवटच्या दहा मिनिटांत सांगितली जी त्या पोराला चार महिन्यांत माहीत नव्हती. दुबईच्या डीआयएफसी या फायनान्शियल फ्री झोनमध्ये एमएलआरओ हे रेग्युलेटरकडचं लायसन्स्ड पद आहे, म्हणजे कंपनीने पसंत करून भागत नाही, तिथल्या रेग्युलेटरने, डीएफएसएने, पण तुम्हाला माणूस म्हणून पारखून मान्यता द्यायची असते, आणि तो माणूस यूएईत राहणारा पाहिजे. अबू धाबीच्या एडीजीएम या तशाच झोनची पद्धत थोडी वेगळी, झोनबाहेरच्या मेनलँड बँकांना सेंट्रल बँक. म्हणजे एकाच नावाच्या पदाचे तीन दरवाजे, आणि आमच्या ॲडव्हायझरने एकच कव्हर लेटर तिन्हीकडे टाकलेलं, त्यात एका ठिकाणी 'रिमोट काम करायला तयार' असंही होतं. एमएलआरओ आणि रिमोट! वर अमिरातीकरणाचा हिशोब वेगळाच, बँकांवर स्थानिक माणसं घ्यायचं लक्ष्य असतं, त्यामुळे मोठ्या बँकेची वरची खुर्ची बाहेरच्याला मिळणं सोपं नाही. सर म्हणाले, आधी डेप्युटी म्हणून जा, तिथे राहा, मग रेग्युलेटरसमोर उभं राहायला तुमच्याकडे तिथलं काहीतरी असेल. मला ते ऐकून वाईट वाटलं, दोन नंबरची खुर्ची सोडून परत दोन नंबरच. पण खरं होतं.

एक ऑफर मात्र थेट एमएलआरओची आली, पॅकेजमधूनच, ते श्रेय त्यांना देते. छोटी फर्म, मालक आपल्याच देशातले, व्हिडिओ कॉलवर खूप प्रेमाने बोलले, पगार मी मनात धरलेल्यापेक्षा जास्त, घरभाडं वेगळं. शेवटी म्हणाले, "मॅडम, रिपोर्ट वगैरे पाठवायच्या आधी आपण घरच्यासारखं बसून ठरवत जाऊ." तिथेच मी मनातून उठले. रिपोर्ट पाठवायचा की नाही हे मालकाला विचारून ठरवायचं असेल तर एमएलआरओ कशाला हवाय, रबरी शिक्का करून घ्या, स्वस्त पडेल. दर सहा महिन्यांनी रिपोर्ट करायचा, त्याची प्रत रेग्युलेटरकडे, उद्या काही निघालं तर नाव माझं आणि मालक दुसऱ्या देशात. नाही म्हणून कळवलं तर ॲडव्हायझरचा फोन, मॅम एवढं पॅकेज कोण सोडतं. नवरा पण दोन मिनिटं गप्प बसला, खोटं कशाला बोलू, टॅक्स नाही म्हणल्यावर त्याने मनात होम लोन फेडून टाकलेलं.

सध्या माझं बोलणं चालू आहे ते अबू धाबीतल्या एका ठिकाणी डेप्युटीसाठी, आणि ते आलं त्या मुलाकडून ज्याला मी नॅरेटिव्ह लिहायला शिकवलेलं. एक व्हॉट्सॲप मेसेज, "मॅडम, आमच्याकडे जागा निघतेय, टाकू का नाव?" खर्च शून्य.

तर घ्यायचं का हे पॅकेज? पाच-सात वर्षं अनुभव असेल आणि ॲनालिस्टची जागा बघत असाल तर सीव्ही स्वतः करा आणि पैसे कॅम्सच्या फीसाठी ठेवा. माझ्यासारखे सिनियर असाल तर फोन करून फक्त मॉक इंटरव्ह्यू सुटा मागा, आधी नाही म्हणतील, जरा ताणलं की देतात, मला नंतर कळलं की एकाचे ९,००० घेतात, आणि इंटरव्ह्यू घेणारा खरंच कधी एमएलआरओ किंवा कंप्लायन्सला होता का ते आधी विचारा. प्रोफाइल पाठवण्याची यादी लेखी मंजुरीशिवाय जाणार नाही असं ईमेलवर घ्या, तोंडी नको.

आणि कागदपत्रं आजच काढा. माझी डिग्री माहेरच्या नावावर, पासपोर्ट सासरच्या, आणि मधलं नाव एकात वडिलांचं आणि एकात नवऱ्याचं. डिग्रीचं अटेस्टेशन आधी राज्याचं, मग परराष्ट्र मंत्रालयाचं, मग यूएईच्या वकिलातीचं आणि मग तिकडच्या परराष्ट्र मंत्रालयाचं (मोफा), आणि पहिल्याच खिडकीवर त्या माणसाने दोन्ही कागद शेजारी ठेवून माझ्याकडे असं बघितलं जसं मी बावीस वर्षं लोकांकडे बघत आलेय. नावं जुळत नाहीत मॅडम, म्हणाला. मी असते तर मी पण फॉर्म परतच पाठवला असता. आता मॅरेज सर्टिफिकेट आणि गॅझेट घेऊन परत मंगळवारी जायचंय.